तुमचे प्रश्न : लोकांच्या मतांवर धावणारी अरिमा किनेन

मागच्या अंकात सिन्नरच्या एका वाचकांनी वरातीच्या घोडीच्या लंगडण्याबद्दल विचारलं होतं, त्याला उत्तर देताना मी ओघात दोन ओळी लिहून गेलो की जपानमध्ये अरिमा किनेन नावाची एक रेस आहे आणि तिच्यात कोणते घोडे धावणार ते सामान्य लोक मतं देऊन ठरवतात. त्या दोन ओळींवरच महिनाभर प्रश्न येत राहिले, फोनवर, व्हॉट्सॲपवर, दोन पोस्टकार्डंसुद्धा आली. (घोडी आता बरी आहे, नाल चुकीचा बसला होता, काढून नवा मारल्यावर चार दिवसांत नीट चालायला लागली.) तर या वेळी सगळं सदर या एकाच रेसवर. मी पशुवैद्यकीय खात्यात नोकरी केलेला माणूस, रेसकोर्सवरचा नाही, पण ही रेस मी कित्येक वर्षं मनापासून बघत आलोय, त्यामुळे लिहिताना थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न : किनेन म्हणजे काय? आणि घोड्यांना मतं द्यायची ही कल्पना आली कुठून? (एक वाचक ताई, कॉलेज रोड)

ताई, किनेन म्हणजे स्मृतिप्रीत्यर्थ. आपल्याकडे गावोगावी कबड्डीच्या स्पर्धा असतात ना, कैलासवासी अमुक अमुक स्मृती चषक, अगदी तसंच. अरिमा हे माणसाचं आडनाव. अरिमा योरियासु हे जुन्या सरदार घराण्यातले, युद्धाच्या आधी जपानचे कृषिमंत्री होते, आणि १९५५ मध्ये जपान रेसिंग असोसिएशनचे अध्यक्ष झाले. ही संस्था १९५४ मधली, ते तिचे दुसरे अध्यक्ष.

टोकियोच्या शेजारी चिबा प्रांतात फुनाबाशी शहर आहे, तिथं नाकायामा रेसकोर्स. तिथं वर्षअखेरीला अडथळ्यांवरून उड्या मारायची एक मोठी रेस व्हायची पण सपाट मैदानावरची, डर्बीच्या, म्हणजे तिथल्या सगळ्यात मानाच्या रेसच्या, तोडीची अशी रेस नव्हती. अरिमांना बेसबॉलचा फार नाद, युद्धाच्या आधी एक व्यावसायिक टीम उभी करण्यातही ते होते. आणि बेसबॉलमध्ये ऑल स्टार मॅचचे खेळाडू प्रेक्षकांच्या मतांवर निवडतात. त्यांनी म्हटलं मग घोडे का नकोत? तर १९५६ च्या डिसेंबरात पहिली रेस झाली, तेव्हा नाव होतं नाकायामा ग्रां प्री, आणि जिंकला मेइजी हिकारी नावाचा घोडा. आणि बघा, त्यानंतर तीन आठवडेही झाले नाहीत, जानेवारी १९५७ मध्ये अरिमा वारले. स्वतः काढलेली रेस त्यांना एकदाच बघायला मिळाली. दुसऱ्या वर्षापासून तिला त्यांचं नाव दिलं ते आजतागायत आहे.

मतदान असं असतं. एका माणसाला जास्तीत जास्त दहा घोडे निवडता येतात, पूर्वी पोस्टकार्डावर, आता बहुतेक जण ऑनलाइन. ज्यांना सगळ्यात जास्त मतं पडतील त्या घोड्यांना पहिला मान, बाकीच्या जागा त्यांनी मिळवलेल्या बक्षिसाच्या हिशोबानं भरतात, एकूण जास्तीत जास्त १६ घोडे. डर्बीला फक्त तीन वर्षांचे घोडे चालतात. इथं तसं नाही, इथं यंदाचा डर्बी विजेता आणि पाच-सहा वर्षांचा कसलेला घोडा एकाच गेटमधून सुटतात, फक्त तीन वर्षांच्याच्या पाठीवर दोन किलो वजन कमी असतं. विजेत्याला आता ५० कोटी येन मिळतात, जपानमधल्या सगळ्यात मोठ्या बक्षिसांपैकी हे एक.

पण पैशापेक्षा तारीख महत्त्वाची असं मला वाटतं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा, नाताळच्या आगेमागे. वर्षभर घोड्यांकडे ढुंकूनही न बघणारी माणसं त्या दिवशी घरात टीव्ही लावतात. आपल्याकडे पोळ्याला ज्याच्या घरी बैल नाही तोसुद्धा मातीचे बैल आणून पूजा करतो ना, मला नेहमी ते आठवतं.

प्रश्न : ज्या घोड्याला जास्त मतं मिळतात तोच जिंकतो का? (सातवीतला विद्यार्थी, देवळाली कॅम्प)

नाही रे बाळा, मतं फक्त गेटपर्यंत नेतात, पुढचं घोड्याला स्वतःच्या पायांनी करावं लागतं. आणि कधी कधी गेटपर्यंतसुद्धा पोचता येत नाही. तुला अलीकडचंच सांगतो. डू ड्यूस नावाचा घोडा, २०२३ ची अरिमा किनेन यानेच जिंकलेली. २०२४ ला त्याला ४ लाख ७८ हजार ४१५ मतं पडली, या रेसच्या इतिहासात तोवर एवढी मतं कोणालाच नव्हती पडली. ती त्याची शेवटची रेस ठरलेली, सगळ्यांची तयारी झालेली, आणि रेसला दोन दिवस असताना उजवा पुढचा पाय दुखावल्याचं दिसलं. लगेच नाव मागे घेतलं. एवढा मोठा मान, एवढे लोक वाट बघतायत, तरी नाव मागे घेतलं, हे मला डॉक्टर म्हणून फार योग्य वाटलं. दुखऱ्या पायानं पळवला असता तर काय होऊ शकतं ते खाली एका प्रश्नात लिहिलंय ते वाच.

आणि त्या दिवशी जिंकली कोण, तर रेगालेइरा नावाची तीन वर्षांची घोडी, अगदी नाकभर अंतरानं. तीन वर्षांच्या घोडीनं ही रेस जिंकायला ६४ वर्षं लागली, आधीची १९६० ची स्टार रॉच. तसं वयानं मोठ्या घोडींनाही इथं सोपं नव्हतं. १९७१ मध्ये टोमेई जिंकली, त्या वर्षी जपानात घोड्यांच्या फ्लूची साथ आलेली आणि ऐन वेळी काही घोडे मागे घ्यावे लागले होते, मग थेट २००८ ला डाइवा स्कार्लेट. मधली ३७ वर्षं एकही घोडी नाही. तुझ्या वर्गातल्या मुलींना हे नक्की सांग.

प्रश्न : मी पंचवटीत २२ वर्षं टांगा चालवला. आमच्या घोड्यांना कोणी जात विचारत नव्हतं. या मोठ्या रेसमध्ये मात्र बापजाद्यांचं नाव असल्याशिवाय घोड्याला कोणी उभं करत नसेल ना? (एक वाचक, पंचवटी)

बाबा, तुमचं पोस्टकार्ड मी तीनदा वाचलं. तुमच्यासाठीच पुढची गोष्ट जरा सविस्तर लिहितो.

१९८५ मध्ये होक्काइडोत एक करड्या रंगाचं शिंगरू जन्मलं. बाप डान्सिंग कॅप, आई व्हाइट नारुबी, दोघांचं नाव काही फार मोठं नाही. शिंगराचा उजवा पुढचा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला. सारंगखेड्याच्या यात्रेत कसं आपण आधी पाय बघतो मग भोवरे बघतो मग दात, तिथं पहिल्याच नजरेत नापास झाला असता असा पाय. त्याच्या आडनाव ओगुरी असलेल्या मालकानं आपलं आडनाव आणि बापाचं कॅप जोडून नाव ठेवलं, ओगुरी कॅप.

जपानात दोन प्रकारच्या रेस चालतात. एक मोठ्या संस्थेच्या, म्हणजे मध्यवर्ती, जिथं डर्बी आणि अरिमा किनेन होतात, आणि दुसऱ्या प्रांतोप्रांतीच्या, लहान मैदानं, कमी बक्षिसं, वेगळे घोडे. ओगुरी कॅपनं सुरुवात केली गिफू प्रांतातल्या कासामात्सुच्या लहान मैदानावर, धुळीत. तिथं तो १२ रेस पळाला आणि १० जिंकला. मालकाकडे मध्यवर्ती रेसचं लायसन नव्हतं, म्हणून घोडा विकावा लागला, आणि १९८८ मध्ये तो मोठ्या मैदानावर आला. तिथं आला तो सलग जिंकतच सुटला, पण डर्बीला उभा राहू शकला नाही. का, तर डर्बीसाठी घोड्याचं नाव खूप आधी नोंदवून ठेवावं लागायचं आणि कासामात्सुत असताना ते कोण नोंदवणार? एवढा हरहुन्नरी घोडा आणि नुसत्या नोंदणीच्या कागदावरून बाहेर. लोकांना हे फार लागलं, आणि काही वर्षांनी नियम बदलला, आता ज्यादा फी भरून उशिरा नोंदणी करता येते. नियम बदलला तो याच्यासारख्यांमुळे, पण त्याला स्वतःला उपयोग झाला नाही.

अरिमा किनेनला मात्र अशी आडकाठी नव्हती, तिथं लोक बोलावतात. १९८८ ला तो तीन वर्षांचा असतानाच अरिमा जिंकला, तेव्हाच्या सगळ्यात तगड्या तामामो क्रॉसला मागे टाकून. १९८९ ला त्याला फार पळवला. एका रविवारी १,६०० मीटरची मोठी रेस जिंकली आणि लगेच पुढच्या रविवारी २,४०० मीटरच्या जपान कपला उभा केला, तिथं न्यूझीलंडच्या हॉर्लिक्स नावाच्या घोडीच्या मागे मानेएवढ्या अंतरानं दुसरा आला, दोघांची वेळ सारखीच, २ मिनिटं २२.२ सेकंद, तेव्हाचा जागतिक विक्रम. आठ दिवसांत दोन अशा रेस. मी तिथला डॉक्टर असतो तर हात जोडले असते मालकापुढे. महिन्याभरानं अरिमाला तो पाचवा आला, अंगात काही उरलंच नसणार.

१९९० ला उन्हाळ्यात एक रेस जिंकला, पण शरद ऋतूत सहावा आला, मग जपान कपला अकरावा. पेपरात, लोकांच्या तोंडी एकच, संपला आता, कशाला अजून पळवताय. आणि अशा वेळी अरिमा किनेनचं मतदान आलं आणि लोकांनी ओगुरी कॅपला पहिल्या नंबरची मतं दिली. जिंकेल म्हणून दिली का? अजिबात नाही. तिकीट काढायची वेळ आली तेव्हा हेच लोक दुसऱ्या घोड्यांवर पैसे लावत होते, त्या हिशोबात तो चौथा होता. म्हणजे मत दिलं ते मायेनं, निरोप द्यायला, एकदा डोळे भरून बघायला. मला या रेसबद्दल जे काही सांगायचंय ते सगळं या एका गोष्टीत आहे बाबा, की इथं घोड्याचा फॉर्म गेला तरी त्याची जागा जात नाही, लोक धरून ठेवतात.

२३ डिसेंबर १९९०. नाकायामात १ लाख ७७ हजार ७७९ माणसं. कुंभमेळ्याची पर्वणी बघितलेल्या नाशिककराला गर्दीचं काय कौतुक, पण एका घोड्यासाठी एका मैदानात एवढी माणसं हे वेगळंच. वर ताके युताका नावाचा २१ वर्षांचा जॉकी. सुरुवात संथ झाली, ओगुरी कॅप मधल्या घोळक्यात, शेवटच्या वळणावर बाहेरून पुढे सरकला, सरळ पट्ट्यात आघाडी घेतली, मागून मेजिरो रायन येतोय येतोय, आणि तो पोचायच्या आत रेषा पार. त्यानंतर सगळं मैदान एका सुरात ओगुरी ओगुरी ओरडत राहिलं. घोडा तेव्हा पाच वर्षांचा, ती त्याची शेवटची रेस.

त्याची मऊ कापडी खेळणी घरोघरी गेली, ज्यांनी आयुष्यात रेसकोर्स बघितला नव्हता अशा बायका-मुली रेसकोर्सवर यायला लागल्या. २०१० च्या जुलैत तो गेला, २५ वर्षांचा होऊन. तुमच्या पंचवटीतल्या घोड्याचं नाव तुम्ही कार्डात लिहिलं नाहीत, पुढच्या कार्डात जरूर लिहा.

प्रश्न : गेट नंबरची सोडत टीव्हीवर दाखवतात म्हणे, एवढं काय त्यात? (द्राक्ष बागायतदार, निफाड)

भाऊ, नाकायामाचं मैदान समजलं की हे लगेच कळतं. रेस २,५०० मीटरची (सुरुवातीला २,६०० ची होती, १९६६ पासून २,५००). घोडे उजव्या हाताला वळत पळतात आणि एवढ्या अंतरात तब्बल सहा वळणं घ्यावी लागतात, प्रेक्षकांसमोरून दोनदा जातात. सुरुवातीनंतर लगेचच वळण, त्यामुळे बाहेरच्या गेटवाल्याला एकतर जोर काढून आत घुसावं लागतं नाहीतर सगळी वळणं बाहेरून, म्हणजे जास्तीचं अंतर. आणि शेवटचा सरळ पट्टा जेमतेम ३१० मीटर, त्यातही रेषेच्या अलीकडे चढ आहे. मागे राहून शेवटी झेप घेणाऱ्या घोड्याला तिथं वेळच पुरत नाही.

२०१४ पासून सोडत जाहीर कार्यक्रमात करायला लागले. त्या पहिल्या वर्षी पद्धत अशी होती की चिठ्ठी ज्याची निघेल त्यानं आपला गेट स्वतः निवडायचा. सगळ्यात पहिली चिठ्ठी निघाली जेंटिलडोना घोडीची, तिच्या लोकांनी ४ नंबर मागितला, आणि रविवारी तीच जिंकली, तीही तिची शेवटचीच रेस. पुढच्या वर्षापासून नंबरच चिठ्ठीनं ठरायला लागला.

या मैदानानं भल्याभल्यांना अडवलंय. २००५ मध्ये डीप इम्पॅक्ट, तोवर एकही रेस न हरलेला, इथं पहिल्यांदा हरला. हार्ट्स क्राय नेहमी मागे राहून पळणारा घोडा, त्या दिवशी फ्रान्सचा जॉकी लमेर त्याला सुरुवातीपासून पुढच्या घोड्यांत घेऊन गेला आणि डीप इम्पॅक्टला शेवटी अंतर भरून काढता आलं नाही. दुसऱ्या वर्षी डीप इम्पॅक्टनं परत येऊन अरिमा जिंकली आणि मगच मैदान सोडलं.

प्रश्न : घोड्याचा पाय मोडला की त्याला मारूनच का टाकतात? माणसासारखं प्लास्टर का घालत नाहीत? हे फार क्रूर वाटतं. (एक वाचक, नाशिकरोड)

हा प्रश्न मला नोकरीतसुद्धा शेकडो वेळा विचारला गेलाय, आणि प्रत्येक वेळी समोर घोड्याचा मालक रडत असायचा. त्यामुळे नीट सांगतो.

घोड्याचं वजन साधारण साडेचारशे-पाचशे किलो. गुडघ्याच्या खाली त्याच्या पायात मांस जवळजवळ नाहीच, हाड, शिरा, कातडी बस्. रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरून यायला वेळ लागतो. वेगात पळताना मोडलेलं हाड सरळ दोन तुकड्यांत मोडत नाही, चुरा होतो, आणि कातडी फाटली तर जंतू आत. बरं प्लास्टर घातलं, तर माणूस तीन महिने खाटेवर पडून राहतो, घोडा पडून राहू शकत नाही. पडून राहिला तर फुप्फुसं, पोट, सगळं बिघडतं. उभा राहिला तर मोडलेल्या पायाचा भार बाकीच्या पायांवर, आणि मग त्या चांगल्या पायांच्या खुरांच्या आत सूज येते, खूर आतून सुटायला लागतं. याच्या वेदना मी बघितल्यात, लिहवत नाहीत. म्हणून काही मोडण्यांमध्ये डॉक्टर इंजेक्शन देऊन सोडवतात. सगळ्याच मोडण्यांत नाही हो, बारीक फट असेल तर विश्रांतीनं, स्क्रूनं घोडे बरे होतात, परत धावतातही.

आता याला जोडून अरिमा किनेनचीच गोष्ट. १९७७ ची रेस. तेव्हा तीन घोड्यांचा बोलबाला होता, टेनपॉइंट, तोशो बॉय आणि ग्रीन ग्रास. तोशो बॉयची ती शेवटची रेस. टेनपॉइंट तोवर मोठ्या सामन्यांत बहुतेक वेळा तोशो बॉयच्या मागेच राहिलेला. गेट उघडलं आणि हे दोघंच पुढे निघाले, बाकीच्यांना विसरूनच गेले जणू, कधी हा पुढे कधी तो, पूर्ण २,५०० मीटर दोघांची जुगलबंदी. शेवटी टेनपॉइंट थोडक्यात जिंकला, दुसरा तोशो बॉय, तिसरा ग्रीन ग्रास. ती रेस आजही काढून बघा, अंगावर काटा येतो.

टेनपॉइंटला आता परदेशात धाडायचं ठरलं. जाण्याआधी देशातल्या लोकांना एकदा दर्शन म्हणून २२ जानेवारी १९७८ ला क्योटोत एका रेसला उभा केला. त्या रेसमध्ये चांगल्या घोड्याला जास्त वजन देतात, त्याच्या पाठीवर ६६.५ किलो. शेवटच्या वळणाजवळ डावा मागचा पाय मोडला, हाड बाहेर आलं. डॉक्टरांचं मत सरळ होतं की त्याला सोडवावं. पण देशभरातून फोन सुरू झाले, वाचवा, काहीही करा पण वाचवा. मालकांनाही तो सोडवेना. मग डॉक्टरांचं मोठं पथक बसलं, ऑपरेशन झालं, पेपरात त्याच्या तब्येतीच्या बातम्या रोज. सहा आठवडे झुंज चालली. चांगल्या पायाच्या खुराला तेच झालं जे वर लिहिलंय, घोडा वाळत गेला, आणि ५ मार्च १९७८ ला गेला.

मी स्वतः असतो तर पहिल्याच दिवशी सोडवला असता, हे माझं प्रामाणिक मत, लोकांच्या मायेचा भार त्या जिवानं सहा आठवडे सोसला असं मला वाटतं. पण ज्यांनी वाचवायचा प्रयत्न केला त्यांना मी नावं ठेवणार नाही. तुम्ही क्रूर म्हणालात म्हणून ही बाजूही सांगितली.

प्रश्न : मित्र म्हणतो एका ॲपवरून नाशिकमध्ये बसून या रेसवर पैसे लावता येतात, खरंय का? (तरुण वाचक, सिडको)

त्या ॲपच्या नादी लागू नकोस, आणि मित्रालाही सांग. असली ॲपं घरं बसवत नाहीत, उठवतात, आपल्या गल्लीतलीच उदाहरणं तुला माहीत असतील.

जपानात काय चालतं ते माहितीसाठी सांगतो. तिथं तिकीट विकायचा हक्क सरकारच्या देखरेखीखालच्या संस्थेलाच, २० वर्षांखालच्याला तिकीट नाही, कमीत कमी १०० येनचं तिकीट. जमलेल्या पैशातला साधारण पाव भाग आधीच कापून घेतात, त्यातला काही सरकारी तिजोरीत जातो, उरलेला जिंकणाऱ्यांत वाटतात. म्हणजे सगळ्यांचा मिळून हिशोब केला तर खेळणारे तोट्यातच. १९९६ च्या एकट्या अरिमा किनेनवर सुमारे ८,७५० कोटी येनची तिकिटं खपली, जगात कुठल्याच एका रेसवर एवढी विक्री झाली नव्हती, गिनीज बुकात नोंद आहे.

पण बहुतेक लोक त्या दिवशी शंभर-दोनशे येनचं एखादं तिकीट काढतात, आणि त्यांची एक गंमतशीर परंपरा आहे, सरत्या वर्षात जे मोठं घडलं त्याच्याशी जुळणारं नाव शोधायचं. २००१ ला सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला हल्ला झालेला. त्या डिसेंबरात अरिमात पहिला आला मॅनहॅटन कॅफे आणि दुसरा अमेरिकन बॉस, ज्याच्यावर १३ घोड्यांत लोकांनी सगळ्यात कमी पैसे लावले होते. ही जोडी ज्यांनी धरली त्यांना १०० येनचे ४८,६५० येन मिळाले. हा निव्वळ योगायोग, घोड्यांची नावं कितीतरी आधी ठेवलेली असतात. पण तिथली माणसं हे अजून एकमेकांना सांगतात.

प्रश्न : मला यातलं काहीच कळत नाही, पण तुमचं वाचून बघावंसं वाटतं. एकच रेस बघायची तर कोणती बघू? आणि यंदाची लाइव्ह कधी लागते? (गृहिणी, इंदिरानगर)

लाइव्ह बघायची तर डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी, किंवा त्याच्या आधीच्या, तारीख दरवर्षी तपासून घ्या. जपान आपल्यापुढे साडेतीन तास आहे, रेस तिथं दुपारी उशिरा होते म्हणजे आपल्याकडे बारा-सव्वाबाराच्या सुमारास, कुकरच्या शिट्ट्या चालू असतानाच. पाच मिनिटं आधी लावा. रेसच्या आधी बँडवर एक छोटी धून वाजते, सगळं मैदान त्या तालावर टाळ्या वाजवतं, ते चुकवू नका.

जुनी एकच बघायची तर मी १९९३ ची सांगेन. यूट्यूबवर तोकाई तेईओ नावानं शोधा. हा घोडा १९९१ ला एकही रेस न हरता डर्बी जिंकला आणि लगेच पायाचं हाड मोडलं. बरा होऊन आला, १९९२ च्या वसंतात परत मोडलं. परत आला, जपान कप जिंकला, आणि त्याच वर्षीच्या अरिमाला अकरावा आला. मग १९९३ मध्ये तिसऱ्यांदा हाडाला इजा. वर नाशिकरोडच्या वाचकांना लिहिलं ना की सगळ्याच मोडण्या जीवघेण्या नसतात, तो हा घोडा. पण तीनदा मोडून उभा राहणं वेगळं आणि या रेसमध्ये धावणं वेगळं. लोकांनी मात्र त्याला मतं दिली.

२६ डिसेंबर १९९३ ला तो गेटमध्ये उभा राहिला तेव्हा आधीच्या रेसला ३६४ दिवस झाले होते. मधल्या काळात एकही रेस नाही. शेवटच्या पट्ट्यात त्या वर्षीचा सगळ्यात जोरातला घोडा बिवा हायाहिदे पुढे निघून गेला, सगळ्यांना वाटलं झालं, आणि मग बाहेरच्या बाजूनं एकटा तोकाई तेईओ त्याच्या अंगावर यायला लागतो. ते शेवटचे दोनशे मीटर आवाज वाढवून बघा, ताई. जॉकी ताबारा सेइकी नंतर मुलाखत द्यायला उभे राहिले आणि त्यांना रडू आवरेना, हा विजय घोड्याचा स्वतःचा आहे असंच ते सांगत राहिले. तोकाई तेईओ त्यानंतर पुन्हा कधी रेसमध्ये धावला नाही.